दोन बोटांची फट

दाभणकाकांचं खरं नाव संग्रहालयात फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत बाकी सगळे त्यांना दाभणकाकाच म्हणत, आणि त्या हिशोबानं त्यांची बायको आपोआप दाभणकाकू झाली होती. गेली पस्तीस वर्षं हा माणूस तळघरातल्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, हातात दाभणासारखी पोलादी सुई घेऊन दगड टोकरत बसलेला होता. दगडात हाड असे. दगड काढायचा आणि हाड ठेवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. बोटाएवढं हाड मोकळं करायला त्यांना कधी कधी अख्खा उन्हाळा लागायचा, आणि उन्हाळा संपला की वरून कुणीतरी येऊन विचारायचं, "काय काका, एवढंच झालं?"

त्याआधी ते कवळ्या बनवायचे. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून ठसे घ्यायचे, प्लास्टर कालवायचं, आणि कुणा म्हाताऱ्याच्या बोळक्यात नीट बसेल अशी कवळी घासून द्यायची. "बसलं" हा त्यांचा आवडता शब्द तिथलाच. दोन गोष्टी एकमेकींत अशा बसल्या पाहिजेत की जीभसुद्धा अडखळू नये. संग्रहालयात आल्यावर तुटक्या हाडांचे सांधे ते असे जुळवत की भिंगाखालीही सांधा सापडायचा नाही. त्या काळी यालाच शाबासकी मिळे. पुढे नियम उलटा झाला. दुरुस्ती दिसली पाहिजे, तिची कागदावर नोंद झाली पाहिजे. काकांनी यावर नाक मुरडलं. "म्हणजे कवळी बसवायची आणि गळ्यात पाटी अडकवायची, दात खोटे आहेत म्हणून," असं ते म्हणत. पण नोंदी लिहू लागले. फक्त जुन्या कामांच्या नोंदी मागे जाऊन लिहायला त्यांना कधी वेळ झाला नाही.

वर पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, एक काचेची पेटी होती. आत दगडाची एक फरशी, मोठ्या ताटाएवढी. डावीकडे चिमट्यासारखा निमुळता, बिनदातांचा जबडा आणि उजवीकडे एक लांब, सरळ हाड. खाली पाटी: भिंगरीप्टेरस. शाळेची मुलं ते नाव वाचताना हमखास अडखळायची, मग हसायची आणि डायनासोरच्या सांगाड्याकडे पळायची.

भिंगरी ही काकांची मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात भिंगरी, आणि मग शाळेतही भिंगरीच. चौदाव्या वर्षी गेली. रक्ताचा आजार, आठ महिने. आज असती तर एक्केचाळीस वर्षांची असती. काकू अजूनही हा हिशोब दरवर्षी मोठ्यानं करत आणि काका दरवर्षी तो ऐकून घेत.

मुलीच्या वाढदिवसाला काकू संग्रहालयात यायच्या. चांगली साडी नेसायच्या, पर्समध्ये चष्मा ठेवायच्या आणि त्या पेटीसमोर उभ्या राहायच्या. हाडांकडे फार बघायच्या नाहीत. चष्मा लावून पाटीवरचं नाव एकदा वाचायच्या, ओठ हलवून, आवाज न करता. मग चष्मा काढून म्हणायच्या, "चला." पहारेकरी त्या दिवशी तिथून दुसरीकडे सरकायचा. त्या पाटीखेरीज मुलीचं नाव जगात कुठे लिहिलेलं उरलं नव्हतं. शाळेच्या वह्यांना कसर लागली होती.

नव्या मॅडम आल्या त्या पाठीवर पिशवी आणि काखेत संगणक घेऊन. वय तिशीच्या आत. कुणी "मॅडम" म्हटलं की मागे वळून बघायच्या, कुणाला हाक मारतायत म्हणून. त्यांचं काम होतं फुटकळ टेरोसॉरांचं. टेरोसॉर म्हणजे डायनासोरांच्या काळात आभाळात हिंडणारे प्राणी. पक्षी नव्हेत आणि वटवाघळंही नव्हेत. यांचा अख्खा पंख हाताच्या एकाच बोटावर ताणलेला असायचा, चौथ्या बोटावर. आपल्याकडे त्या बोटाला अनामिका म्हणतात. हाडं पोकळ आणि कागदासारखी पातळ, त्यामुळे धड काही उरतच नाही. कुठे बोटाचं पेर मिळतं, कुठे जबड्याचं टोक. आणि जुन्या काळच्या अभ्यासकांनी उत्साहाच्या भरात अशा तुकड्या-तुकड्याला वेगळं नाव देऊन ठेवलेलं. या संग्रहालयात अशी एकोणीस नावं होती.

मॅडमची पद्धत शिस्तीची होती. प्रत्येक तुकड्याला दोनशे चौदा प्रश्न विचारायचे. जबड्याला दातांच्या खोबणी आहेत का? पंखाच्या हाडाला मागच्या अंगानं पन्हळ आहे का? असेल तर एक, नसेल तर शून्य, आणि ते हाडच सापडलं नसेल तर प्रश्नचिन्ह. मग ही सगळी उत्तरं संगणकाला द्यायची. संगणक त्यावरून नात्याचं झाड मांडतो. कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, आणि कोण नुसतं शेजारी राहतं म्हणून घरचं समजलं गेलं.

"आमच्या आत्याला हे विजेशिवाय जमायचं," काका म्हणाले होते. "नुसतं नाक बघून सांगायची, हा कुणाच्या घरातला."

"तुमच्या आत्याला दोनशे चौदा नाकं बघायला लावते मी," मॅडम म्हणाल्या, आणि दोघांची गट्टी जमली.

दोन महिन्यांत एकोणीसपैकी अकरा नावं गेली. काही दुसऱ्याच नावात मिसळली, काहींचा तुकडा इतका मोघम निघाला की नाव ठेवण्यात अर्थच नव्हता. काका सकाळी मॅडमना बघितलं की विचारायचे, "आज कुणाची विकेट?" एक नाव कुणा खाणमालकाच्या आजोबांचं होतं. ते खोडलं गेलं तेव्हा काका ठसका लागेपर्यंत हसले. दुसऱ्याचा आजोबा होता, हसायला काय जातं? भिंगरीची फरशी मात्र ते यादीत मागे मागे ढकलत राहिले. काचेची पेटी उघडायची म्हणजे दोन माणसं लागतात, किल्ली वर आहे, आज ओल फार आहे. शेवटी एकोणिसावा नंबर लागायचा तो लागलाच.

"काका, तुमची भिंगरी कुठेच बसत नाहीये," मॅडम एका सकाळी तळघरात येऊन म्हणाल्या. चेहरा मात्र खुललेला होता.

"बसत नाही म्हणजे?"

"जबडा म्हणतो, मी बिनदातींच्या घराण्यातली. आणि हाड म्हणतं, मी जुन्या शेपटीवाल्यांच्यातली. ही पन्हळ बघा, अशी फक्त त्यांच्यातच असते. दोन घराण्यांमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे. म्हणून ही झाडावर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतेय."

"लहानपणापासून तशीच आहे ती," काकांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम हसल्या. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, मला वाटतं ही दोन्ही घराण्यांच्या मधली आहे. अशी आजवर कुणाला मिळालेली नाही. हिचं वेगळं कुळ मांडावं लागेल. आणि कुळाचं नाव हिच्याच नावावरून पडणार. उद्या हिच्या जातीचं काहीही सापडलं, जगात कुठेही, तर लोक म्हणतील, हे भिंगरीच्या कुळातलं."

काकांनी सुई खाली ठेवली. "पण दोन वेगळे प्राणी असले तर? एक इथला, एक तिथला?"

"सुटे तुकडे असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण फरशी अखंड आहे ना. मी इंच न् इंच भिंगाखाली बघितलीय. कुठे रेघसुद्धा नाही."

पस्तीस वर्षांत काकांच्या हाताची एवढी स्तुती कुणी केली नव्हती. त्यांनी खाली ठेवलेली सुई उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण चपला काढता काढताच तोंडातून बाहेर पडलं, आणि अर्धंच पडलं. कुळाचं सांगितलं. फांद्यांवरच्या उड्यांचं नाही. काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"अख्ख्या कुळाला तिचं नाव?"

"हो."

काकूंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून काका बघत होते. तो यायला निघाला आणि मधेच थांबला. "म्हणजे सगळं पुन्हा तपासणार त्या? फरशीसुद्धा?"

"तपासली."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अखंड आहे."

काकूंनी टॉवेलाची घडी पूर्ण केली, मोडली आणि परत घातली. "बरं झालं," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. काकांना वाटलं, लेकीची आठवण आली असेल. नवऱ्यांना असं पुष्कळ काही वाटत असतं.

आता ते झालं कसं, ते सांगायला हवं. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेला सुट्टी होती, काकू दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला जात, म्हणून दहा वर्षांची भिंगरी दिवसभर तळघरात बापाजवळ असायची. टेबलावर ती जबड्याची फरशी होती. उजवीकडची कड तुटलेली. बाजूच्या तसराळ्यात त्याच खाणीतला, पण पार खालच्या थरातला फुटका माल पडलेला होता. तो चाळून टाकून द्यायचा होता. काकांनी ते काम मुलीला दिलं, म्हणजे ती तासभर तरी गप्प बसेल. ती दहा मिनिटं गप्प बसली.

"बाबा! हे तिचंच!"

हातात वीतभर लांबीचा दगड आणि त्यावर ते हाड. तिनं तो तुकडा फरशीला लावून धरला. वरचा कोपरा खरंच जुळत होता. खाली मात्र फट होती. काकांनी आपली दोन बोटं घालून पाहिली, आरामात मावली. दगडाचा रंगही किंचित काळपट होता. कवळ्या बनवणाऱ्याला हे कळायला क्षणही लागत नाही. बसत नव्हतं.

पण पोरगी एका पायावर उभी होती. डोळे असे, की आता आभाळातून तो प्राणी खाली उतरणार. "तिचंच आहे ना, बाबा?"

"असेल," काका म्हणाले. "मधला भाग चुरा झाला असेल."

आणि त्यांनी लुकण कालवलं. दगडाची पूड आणि पारदर्शक गोंद. मुलीनं दिवा धरला. काकांनी फट भरली, सुईनं तिच्यावर दगडाचे कण उमटवले, आणि काळपट भाग घासून, रंगाचा हात देऊन उजळवला. तासाभराचा खेळ होता. उद्या बायकोला सुट्टी, पोरगी घरी असताना सकाळीच सोडवून टाकू, असं त्यांनी मनात ठरवलंही होतं. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही, खरंच ठरवलं होतं.

सकाळी ते चहाला वर गेले तेवढ्यात मोठे सर तळघरात उतरले. मोठे सर म्हणजे त्या वेळचे विभागप्रमुख, आता हयात नाहीत. काका परतले तेव्हा सर फरशीसमोर हात जोडल्यासारखे उभे होते. शेजारी भिंगरी. ती त्या दिवशीही हट्टानं आली होती.

"हा तुकडा कुणाला सापडला?"

"मला!"

सरांनी तिला उचलून टेबलावर बसवलं. काका दारात उभे होते. एकच वाक्य बोलायचं होतं. सर, ते खोटं आहे, मी गंमत केली. मुलीनं बापाकडे बघितलं, आणि ते वाक्य गिळलं गेलं. सर तिला समजावत होते की हे चौथ्या बोटाचं हाड, अनामिकेचं, आणि अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. वर्षभरात शोधनिबंध छापून आला. सरांनी कौतुकानं प्राण्याला तिचं लाडाचं नाव दिलं होतं. ती अख्ख्या घरात गिरक्या घेत ओरडत सुटली, "बाबा, अनामिकेला नाव मिळालं!"

चार वर्षांनी ती गेली. त्यानंतर ते वाक्य बोलणं शक्यच नव्हतं. ज्या पाटीसमोर बायको उभी राहते, ती पाटी स्वतःच्या हातानं कोण उखडेल?

मॅडमशी बोलणं झाल्यावर तीन दिवस काकांच्या हातून काही काम झालं नाही. एकदा सुई चुकून हाडालाच लागली, असं दहा वर्षांत झालं नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं, आणि त्याची त्यांना एकतीस वर्षांची सवय होती. गप्प बसलं की मुलीचं नाव कुळाला. बोललं की मुलीचं नाव पुसलं. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं ते स्वतःला विचारत आणि पुन्हा विचारच करत बसत.

चौथ्या दिवशी मॅडमनी छापून आणलेला निबंध टेबलावर ठेवला. परवा पाठवायचा होता. "तुम्ही आधी वाचा," म्हणाल्या. शेवटच्या पानावर आभाराच्या जागी लिहिलं होतं, की हा प्राणी जिच्या नजरेला पहिल्यांदा पडला त्या दहा वर्षांच्या मुलीला. काकांनी ते दोनदा वाचलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या, खूश आणि थोड्या लाजलेल्या, कुणी आता "छान" म्हणेल या आशेनं. तसंच एका पायावर भार देऊन. आज ना उद्या कुणीतरी त्या फरशीत क्ष-किरण घालून आतलं बघेल, आणि या पोरीचं जगभर हसं होईल. एका पोरीला खूश ठेवायला केलेलं खोटं आता दुसरीच्या गळ्याला लागणार होतं.

"ॲसिटोनची बाटली द्या जरा," काका म्हणाले.

तपासणीसाठी वरून आणलेली फरशी टेबलावरच होती. त्यांनी कुंचला बुडवला आणि कुणालाही न दिसणाऱ्या एका रेघेवरून फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. दगड ओला झाला, मग मऊ झाला, मग त्याचा चिखल झाला. मॅडम आधी ओरडल्या, "काका, काय करताय!" आणि मग ओरडायच्या थांबल्या. पाऊण तासानं फरशीचे दोन तुकडे झाले होते आणि मधे दोन बोटांची फट होती.

काकांनी सगळं सांगितलं. मान वर केली नाही.

"मी परवा हे पाठवणार होते," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं. तीन दिवस रोज मी इथे बसून चहा प्यायले तुमच्याबरोबर." आणि त्या निघून गेल्या. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. ते काकांना जास्त लागलं.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. संगणक उघडून काकांपुढे ठेवला आणि कामाचंच बोलल्या. "दोन्ही तुकडे वेगळे घालून पुन्हा बघितलं. जबडा लगेच जागेवर गेला. साठ वर्षांपूर्वीच नाव दिलेला एक बिनदाती आहे, तोच हा."

"आणि हाड?"

"हाडाची दोनशे चौदापैकी आठ उत्तरं मिळाली. बाकी दोनशे सहा प्रश्नचिन्हं." त्यांनी पडद्यावर ती ओळ दाखवली. प्रश्नचिन्हांची लांबलचक रांग, मधेच कुठे एक, कुठे शून्य. "शेपटीवाल्यांच्यातलं आहे एवढं नक्की. त्यांच्यातलं कोण, ते कळत नाही. कधीच कळणार नाही."

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक विचारू? तुम्हाला पुढे एखादा नवा, चांगला, धड प्राणी सापडला, तर त्याला हे नाव..."

"नाही देता येत, काका. एकदा वापरलेलं नाव पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तसा नियम आहे."

"बरा नियम आहे," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मॅडमनी खिडकीकडे बघितलं. तळघराच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसत.

"एक गोष्ट माझ्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. "नाव दोनपैकी कुठल्या तरी एका तुकड्याला चिकटवायचं आहे. जबड्याला दिलं तर ते त्या जुन्या नावात मिसळून जाईल. म्हणजे खरा प्राणी, पण नाव दुसऱ्याचं. हाडाला दिलं तर नाव तसंच राहील, पण संशयित म्हणून. घर नाही, कुळ नाही. पुढे दुसरं कुठलंच हाड तिचं म्हणता येणार नाही. हे एक हाड आणि हे एक नाव, बस. मला दोन्ही चालतं. तुम्ही सांगा."

"हाडाला," काका म्हणाले. "तिला तेच सापडलं होतं."

मॅडमनी तसं लिहिलं. जाताना एक कोरा कागद ठेवून गेल्या, दुरुस्तीच्या नोंदीचा. एकतीस वर्षं उशिरा काकांनी तो भरायला घेतला. कुठले तुकडे, कशानं जोडले, कुठे रंगवलं. फट: दोन बोटं. शेवटचा रकाना होता 'कारण'. तिथे पेन थांबलं, आणि कागद हाडाबरोबर खणात गेला.

काकूंना सांगायचं राहिलंच होतं. वाढदिवसाला अकरा दिवस होते. काकांनी ते अकराही दिवस वाया घालवले. आज जेवण झाल्यावर सांगू, उद्या सांगू, काकूंचं डोकं दुखतंय, आता नको. वाढदिवस उजाडला. काकूंनी साडी नेसली, पर्समध्ये चष्मा ठेवला. जिन्यापर्यंत काका काही बोलले नाहीत. उजव्या हाताला ती काचेची पेटी होती. आत मखमलीवर फरशीच्या आकाराचा गडद डाग आणि एक चिठ्ठी: अभ्यासासाठी काढले आहे.

काकूंनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि नवऱ्याकडे वळल्या. "कुठंय?"

"खाली. चल, दाखवतो."

तळघरात काकांनी खण ओढला. कापसावर हाड, शेजारी छोटं कार्ड. नाव तेच. खाली लिहिलेलं: संशयित. स्थान अनिश्चित. काकूंनी ते वाचलं, ओठ हलवून. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लुकणाचं, मोठ्या सरांचं, कुळाचं, आणि नाव आपणच पुसलं हेही. "वरची पाटी गेली," म्हणाले. "आता परत लागणार नाही. तुला मी एकतीस वर्षं फसवलं. तिलासुद्धा."

काकूंनी खणात हात घातला आणि हाड दगडासकट उचललं. इतकी वर्षं मधे काच होती. पदरानं त्यावरची धूळ पुसावी तसा त्यांनी अंगठा फिरवला, पन्हळीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तिला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्याच संध्याकाळी मला सांगितलं तिनं. म्हणाली, आई, मी म्हटलं तिचंच, पण ते बसत नव्हतं गं. मी बोटं घालून बघितली. माझी तीन बोटं मावली. बाबांनी मधे भरलं. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना. तर म्हणाली, नको, बाबा केवढे खूश होते. त्यांना वाईट वाटेल." काकूंनी हाडावर पुन्हा अंगठा टेकवला. "दवाखान्यातसुद्धा, शेवटी शेवटी, मला म्हणाली होती, ते फरशीचं बाबांना नको सांगूस हं. मी कबूल केलं होतं. म्हणून नाही सांगितलं."

काका स्टुलावर बसले. मग पस्तीस वर्षं ज्या टेबलावर हात स्थिर ठेवला, त्याच टेबलावर डोकं ठेवून ते रडले. अगदी आवाज करून. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातात हाड तसंच होतं.

बऱ्याच वेळानं काकांनी तोंड पुसलं आणि खणातला कागद बाहेर काढला. 'कारण' हा रकाना कोराच होता. त्यांनी तो कोराच ठेवला. वर जिथे 'फट: दोन बोटं' असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी पेन टेकवलं आणि बारीक, नीट अक्षरात पुढे लिहिलं: तिची तीन.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, हाड कापसावर ठेवलं आणि खण लोटला.

"चला," म्हणाल्या.